उलटा धरलेला नकाशा

माझ्या चपलेचा अंगठा त्या शनिवारी गल्लीच्या तोंडाशीच तुटला नसता, तर मी नेहमीसारखा फटफट वाजवत घरी गेलो असतो आणि मला काहीही कळलं नसतं. वैशाख होता, जळगावचा. जमिनीवर पाय ठेववत नव्हता. चप्पल हातात धरून, भिंतीच्या सावलीची जेवढी पट्टी होती तेवढ्यातून टाचा उचलत मी आमच्या भाड्याच्या खोलीशी आलो. मला टेप हवी होती. शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस असतं, म्हणून जेवायच्या आत नव्या घरी जाऊन ओट्याची मापं शेवटची एकदा घ्यायची, असं मी ठरवलं होतं. सोमवारी सकाळी लोटन गवंडी दगड बसवणार होता, आणि एकदा दगड सिमेंटात बसला की तो बसला. मी दारात आलो. शेवंता पाटावर बसून भाकरी थापत होती, दुखरा गुडघा पुढे सरळ सोडून. तिची पाठ माझ्याकडे होती. परात उजव्या हातानं फिरत होती आणि थाप डाव्या हाताची पडत होती. भरभर, मोकळी, एका लयीत. मी इतकी चांगली थाप कधी ऐकली नव्हती असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. ऐकली होती, हजारदा, पण दुरून, ओसरीवर बसून. मग माझी सावली तिच्या परातीवर गेली. तिनं वर पाहिलं नाही. भाकरी होती तिथेच राहिली आणि हात बदलला. उजवा हात पिठावर आला, डावा परातीच्या काठाला गेला, आणि थाप अर्ध्या मात्रेनं मागे पडून पुन्हा सुरू झाली. सगळं इतकं सहज झालं की माझी पापणी लवली असती तर ते निसटलंच असतं. "टेप कोठे शे?" मी विचारलं. "खुंटीले," ती म्हणाली. मी खुंटीवरची टेप घेतली आणि तुटकी चप्पल हातात धरूनच बाहेर पडलो.

इतका भित्रा मी एरवी नाही. बांधकाम खात्याच्या ऑफिसात मी नकाशे काढतो, आणि तिथे मला गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. इंजिनिअर साहेबांनी काढलेल्या रेघेतसुद्धा मी चूक दाखवतो, म्हणून हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. पूर्व खानदेशातल्या निम्म्या शाळांचे, धर्मशाळांचे, साहेबांच्या बंगल्यांचे नकाशे माझ्या हातून गेले. अकरा वर्षांत एकही कागद दुरुस्तीसाठी परत आला नाही. तेवढ्याच, अकरा वर्षांच्या, संसारात बायको कोणत्या हातानं भाकरी थापते ते मला माहीत नव्हतं. चांभाराकडे बसून चप्पल शिवून घेताना मी हे वाक्य मनात चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा ते मला दुसऱ्या कोणाबद्दलचं वाटलं. पण माहीत असणार कसं? आमच्यात पुरुष स्वयंपाकघरात जात नाही. ताट बाहेर येतं, वाढणारा हात उजवा असतो, पुरुष खाली मान घालून जेवतो आणि उठतो. आत काय चाललंय ते आवाजावरून कळतं, वासावरून कळतं. पारोळ्याजवळच्या आमच्या घरात मी तसाच वाढलो, आणि जळगावला आईसकट एका खोलीत संसार मांडला तेव्हाही स्वयंपाकाच्या वेळी मी बाहेर बाकावर जाऊन बसायचो. कोणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप जायचे.

नवं घर स्टेशनपासून वीस मिनिटांवर. दोन खोल्या आणि आठ बाय सातचं स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर मी कागदावर सात वेळा काढलं होतं. शेवंताचा गुडघा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून वाकत नाही, तेव्हा उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा करायचा, साहेबांच्या बंगल्यात असतो तसा, हे मी तिला न विचारताच ठरवलं. आमच्या नात्यात असा ओटा कोणाकडेच नव्हता. उंची ठरवायला मी तिला भिंतीशी उभी केली आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. कोपरापासून चार बोटं खाली. ती हसून हसून सरळ उभी राहीना. तेव्हा मी तिचा उजवा कोपर मोजला होता, हे मला आता आठवलं. त्यानंतरच्या सगळ्या रेघा त्या कोपरापासून निघाल्या. शहाबादी फरशी सात फुटांची एकसंध मिळत नाही, म्हणून दोन दगड: एक चार फुटांचा, एक तीन फुटांचा. चार फुटीत डावीकडे भांडी घासायची कुंडी बसवायला भोक. तिथून पाणी आलं तर सांध्यापर्यंत पोचू नये म्हणून सांधा कुंडीपासून दोन फूट लांब. त्या दोन फुटांत परात. सांध्यापलीकडे, उजव्या हाताला, तीन फुटीवर शेगडी. म्हणजे थापलेली भाकरी उजव्या हातानं उचलून थेट तव्यावर. लोटन म्हणत होता की सांधा कुंडीवरच घ्या, भोकाच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या अरुंद असतात, तिथे जोड लहान येतो. मी त्याला अर्धा तास समजावलं की लहान सांधा म्हणजे चांगला सांधा नव्हे. बाई कुठे उभी राहते, पाणी कुठे सांडतं, पीठ कुठे सांडतं, ते पाहून सांधा ठरवायचा. बाई कुठे उभी राहते ते मी लोटनला शिकवत होतो, आणि तो बिचारा मान हलवत होता.

दुपारच्या त्या भट्टीत मी नव्या घरात एकटा उभा राहिलो. मागच्या भिंतीचा गिलावा व्हायचा होता, म्हणून लोटननं दोन्ही दगड भिंतीपासून दोन फूट पुढे, विटांच्या पायांवर नुसते ठेवले होते. भोक कापून झालं होतं. पुढची कड गोल करून, कुरुंदाच्या दगडानं घासून इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यावर हात ठेवला की काढावासा वाटत नव्हता. मी माझा डावा हात परातीच्या जागी ठेवून पाहिला. तिथून शेगडी दुसऱ्या बाजूला. तापलेल्या तव्याकडे डावा हात स्वतःच्या अंगावरून पलीकडे न्यायचा, दिवसाला वीस वेळा, पदर सांभाळत. नाहीतर मग आयुष्यभर उजव्यानं थापायचं, त्या अर्ध्या मात्रेनं मागे पडणाऱ्या थापेनं. जमिनीवर बसून बाई पाट सरकवू शकते, चुलीची कूस बदलू शकते, पाहुणा आला की हात बदलू शकते. ही मोकळीक मी दगडात कापून बंद केली होती. मी दगड उलटवायचा विचार केला. पण खालची बाजू खडबडीत, ती कधीच घासली नव्हती. नवा दगड मागवावा तर तो कधी येणार, आणि लोटनला काय सांगणार? बायको डावखुरी आहे म्हणून? संध्याकाळपर्यंत ते बाजारपेठेत पोचलं असतं. लग्नाच्या पंगतीत तिच्या हातचं वाढलेलं घेताना कोणी ताटावर हात आडवा धरला असता. मी कुंडीच्या भोकातून खाली विटांकडे पाहत राहिलो आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

लग्नानंतरचे पहिले महिने आठवायला लागले. मी तेव्हा धुळ्याला कामाला होतो, पंधरा दिवसांनी घरी यायचो. आई, झुंबरबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली असायची. सुनेनं आत राबायचं आणि सासूनं दारात बसून तुरी निवडायच्या, हे दृश्य पाहून मला आईचा मनातल्या मनात राग यायचा. सून आल्यावर किती लवकर सासू होतात या बायका, असं वाटायचं, पण बोलायची छाती नव्हती. आणि आईला खोकला लागलेला असायचा. मी ओसरीवर पाऊल टाकलं की ती खोकायची. शेजारीण आली की खोकायची. माझी थोरली बहीण ताईबाई माहेरपणाला आली की आईचा खोकला दिवसभर थांबायचा नाही. मी धुळ्याहून औषध आणलं. गडद लाल, काचेच्या बाटलीतलं, घशाला जाळणारं. एक संपायच्या आत दुसरी बाटली आणली, मग तिसरी. आई म्हणायची, बरं वाटतं रे तुझ्या औषधानं, आणि माझ्यासमोरच खोकायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली ती तापानं गेली, छातीचं काही नव्हतंच. डॉक्टर म्हणाला होता की छाती साफ आहे. तेव्हा त्या बोलण्याचा मला अर्थ लागला नव्हता. तो आत्ताही लागला नाही. फक्त आईचा तो खोकला, उंबरा आणि सुपातल्या तुरी एवढं डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी शेवंताला नव्या घरी घेऊन गेलो. दगडावरची धूळ पुसायची आहे, असं सांगितलं. रस्ताभर मी एक वाक्य जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं. ती पाय जपत माझ्यामागून येत होती, हातात फडकं आणि लोटा. स्वयंपाकघरात ती दगडाच्या पुढच्या बाजूला उभी राहिली. कडेवरून बोट फिरवलं, म्हणाली, "बेस झायं." मग धूळ पुसायला ओट्याच्या टोकाशी सोडलेल्या फूटभर जागेतून आडवी होऊन ती पलीकडे, दगड आणि भिंत यांच्या मधल्या जागेत गेली. मी अलीकडे. मध्ये दगड. असे समोरासमोर आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो. एकतर ती वाढत असते किंवा मी निघालेला असतो. तिनं फडकं ओलं करून पुसायला सुरुवात केली, उजव्या हातानं, कारण मी पाहत होतो. वाक्य जुळलं नव्हतंच. मी म्हणालो, "काल मी देखं."

"काय देखं?"

"तुना डावा हात."

तिचं फडकं थांबलं. ती रडेल असं मला वाटलं. पण ती रागावूनच म्हणाली, "काल तुमनी चप्पल कोठे व्हती?"

"आंगठा तुटना व्हता."

"म्हनीसन माले आयकू नही उनं," ती म्हणाली. मग खाली दगडाकडे पाहत, जणू तो दगडच विचारत होता असं, सांगू लागली. "मायले ठाऊक व्हतं. तिसराच दिन मायनी देखं. माले वाटनं, आते माहेर धाडी. मायनी दार लोटी लिन्हं. म्हने, तुले जशी येस तशी कर. मी दारमा बठस. कोनी उनं का मी खोकसू."

मला सुचलं ते हेच. "मी तिनाकरता औषध आनं. तीन बाटल्या."

"त्या मना हातमा दिन्ह्यात मायनी. मी मोरीमा ओती टाक्यात." तिला हसू आलं आणि तिनं ते फडक्यात लपवलं. "मायनी सांगं, त्याले सांगू नको. त्याले सगळं सरळ रेघमा लागस. तो इचार करी करी झुरी."

आईनं मला बरोबर ओळखलं होतं. वाईट वाटलं, आणि आईची इतकी आठवण आली की मी दगडाची कड घट्ट धरली. दोन वर्षं झाली तिला जाऊन. म्हणजे दोन वर्षं शेवंता दारात कोणी राखण नसताना, एकटी, प्रत्येक पावलाकडे कान लावून भाकऱ्या थापत होती, आणि मी बाहेर बाकावर बसून सांध्यांची गणितं करत होतो. मी तिला म्हणालो की ओटा चुकला, सगळा उजव्या हाताचा झाला. ती म्हणाली, "राहू द्या. माले दोन्ही हातनी सवय शे. आनि डावीकडे शेगडी दिसनी का बायका इचारतीन." ती फडकं पिळून पुन्हा पुसायला लागली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून की काय, डाव्या हातानं. सांध्याशी, परातीच्या जागी, तिनं मोठे गोल फिरवले, मग सहज हात डावीकडे लांबवून शेगडीची जागा पुसली, आणि उजव्या हातानं लोटा कुंडीच्या भोकाशी ठेवला. मी पाहत राहिलो. ती उभी होती तिथून शेगडी तिच्या डाव्या हाताला होती आणि कुंडी उजव्या. सांधा परातीच्या आणि शेगडीच्या मध्ये, हवा तिथेच. चूक दगडात नव्हतीच. ती कोणत्या बाजूला उभी आहे एवढाच फरक होता. मी खिशातला नकाशा काढला, दगडावर पसरला आणि अर्धा फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं वाचताना माझीच अक्षरं उलटी दिसू लागली. दोन्ही दगड तसेच्या तसे फिरवायचे, पुढची बाजू भिंतीला, भिंतीची बाजू पुढे. सांधणारे काठ तेच राहतील. गोल केलेली कड भिंतीत जाईल आणि मागची खडबडीत कड लोटनला पुन्हा घासावी लागेल, सात फूट. कुंडीपुढे चारऐवजी सहा बोटांची पट्टी येईल. तिला मी हात लांब करून पाहायला सांगितलं. तिनं भोकात हात घातला, म्हणाली, "चालस." मग माझ्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, "पन लोटनभाऊले काय सांगशात?"

सोमवारी लोटन आला. बरोबर घमेलं, थापी, ओळंबा. साठीचा माणूस, पंचवीस वर्षं खात्याच्या कामांवर घालवलेला. माझ्या चुका शोधण्यात त्याचाही थोडाफार जन्म गेला होता आणि त्याला एकही सापडली नव्हती. शेवंता बाहेरच्या खोलीत पाणी भरत होती. मी म्हणालो, "लोटनभाऊ, दोन्ही दगड फिरवी टाका. ही कड भितले, ती कड पुढे."

"काय झायं? दगड तर बरोबर शे."

"दगड बरोबर शे. मी चुकनू." जीभ अडखळली, कारण हे शब्द तिच्या सवयीचे नव्हते. "मी नकाशा उलटा धरा व्हता."

लोटन माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं घमेलं खाली ठेवलं, पागोट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं आणि हळूहळू त्याचं सगळं तोंड हसायला लागलं. "तुम्ही? नकाशा उलटा?" तो म्हणाला. त्यानं तो कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, पुन्हा उलटा धरला, आणि पोट धरून खालीच बसला. मीही हसलो. बरं वाटलं नाही असं नाही, पण लागलं, हे कबूल करतो. बाहेरच्या खोलीत घागरीत पाणी ओतण्याचा आवाज थांबला होता. लोटननं दोन दिवस सात फूट कड घासली आणि ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगितली. आठवड्याच्या आत ती ऑफिसात पोचली. साहेबांनी मला बोलावून एक नकाशा हातात दिला आणि म्हणाले, वरची बाजू कुठली ते खूण करून देऊ का? गुण्या हे नाव गेलं. आता मला उलट्या म्हणतात. नवा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसतो. पहिल्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शेवंतानं ताट ठेवलं आणि नेहमीसारखी आत गेली नाही, तिथेच बसली. म्हणाली, "तुमनं नाव मनाकरता गयं." मी म्हणालो, नावाचं काय, आणि जेवलो. ते सगळं खरं नव्हतं. पण भाकरी एका जाडीची होती, काठापर्यंत, आणि ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती असं नाही, लक्ष दिलं नव्हतं.

नव्या घरात राहायला जाऊन आता महिना झाला. ओटा सगळ्यांना दाखवून झाला. भिंतीशी जिथे ती पहिली गोल कड गेली तिथे एक बारीक पन्हळ राहिली आहे, लोटननं ती सिमेंटनं भरली तरी बोटाला लागते. मी ऑफिसातून येतो, चप्पल दारात वाजते, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन टेकतो. पहिल्या दिवशी मी आलो आणि थाप बदलण्याची वाट पाहत उभा राहिलो. ती बदलली नाही. शेवंता पाठमोरी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी, डावा हात पिठावर. मागे न पाहता तिनं विचारलं, आज साहेब काय बोलले? तेव्हापासून मी तिथेच बसतो. बाहेरच्या बाकाची आठवण येत नाही. रिकामं काय बसायचं म्हणून परवापासून सुपात तुरी घेऊन बसतो. मला त्या नीट निवडता येत नाहीत, खडे राहतात, आणि शेवंता पुन्हा निवडते.

काल संध्याकाळी मी असाच बसलो होतो. आत भाकऱ्या चालल्या होत्या. फाटकाची कडी वाजली आणि ताईबाईचा आवाज आला. ती पारोळ्याहून मोटारीनं घर बघायला आली होती, न कळवता, तिच्या पद्धतीनं. ती अंगणातून ओसरीवर चढली आणि मला खोकला आला. आला म्हणजे मी खोकलो. ठरवलं नव्हतं. एकदा, मग पुन्हा, जरा मोठ्यानं. आत थाप क्षणभर थांबली. मग सुरू झाली, अर्ध्या मात्रेनं मागे, उजव्या हाताची.

ताईबाई दारात येऊन उभी राहिली. माझ्या मांडीवरचं सूप पाहिलं, मला पाहिलं. "शालिग्राम, तुले खोकला कवयपासून?" ती म्हणाली. "मायबी आशीच खोके, दारमा बठीसन. आंगवर काढू नको, औषध आन."

"आनसू," मी म्हणालो, आणि तिला जागा द्यायला सूप बाजूला सरकवलं.